इंद्रधनुष्यात नसलेली राणी

गणपती पंधरा दिवसांवर आले की महाराष्ट्रातल्या घराघरांत खातेवाटप होतं. मखर, नैवेद्य, फुलं-दूर्वा, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं ही जुनी खाती. त्यांचे मंत्री वर्षानुवर्षं तेच असतात आणि कामही त्याच वेगानं करतात. अलीकडे त्यांत विद्युत रोषणाई नावाच्या खात्याची भर पडली आहे. हे मलईचं खातं. मंत्र्याच्या पात्रतेची अट एकच, वय पंचविशीच्या आत हवं. पंचविशी ओलांडलेल्या माणसाला रिमोटवरची बटणं वाचता येतात, पण दाबायचं धैर्य होत नाही.

पूर्वी हे खातं घरातल्या एखाद्या बिनलग्नाच्या काकांकडे असे. बल्बला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला की उजेड लाल, हिरवा गुंडाळला की हिरवा. कागद बल्बला टेकला की वासावरून समजे. छोट्या बल्बांच्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ जाई, आणि मग काका टेस्टर घेऊन एकेका बल्बाची चौकशी करत आरतीपर्यंत बसून राहत. जो रंग पेटेल तो चांगला, असा काळ होता. कुणाची काही तक्रार नव्हती.

आता पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लोहार चाळीत जायचं आणि एलईडी पट्टीचा पाच मीटरचा रोल आणायचा. ‘पट्टी द्या’ एवढं म्हणून मात्र भागत नाही. दुकानदार मान वर न करता विचारतो, “वॉर्म व्हाइट, कूल व्हाइट, आरजीबी का पिक्सल?” आपण गोंधळून गॅरंटी विचारतो. तो पट्टीचं टोक ॲडॅप्टरला लावतो, पट्टी पेटते. “बघितली ना पेटलेली? हीच गॅरंटी.” गर्दीत आपल्या मागे अजून दहा रोषणाईमंत्री उभे असतात, त्यामुळे चर्चा वाढवता येत नाही.

यंदा आमच्याकडे हे खातं भाच्याकडे होतं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, म्हणजे ज्ञान ऐन भरात. विरोधी पक्षात आत्या. आत्यानं शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या आणि दोन्हींची सर्टिफिकिटं अजून जपून ठेवली आहेत. घरात रंगाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. पडद्यांपासून पाटावरच्या रांगोळीपर्यंत तो चालतो. त्यामुळे भाच्यानं लाल आणि हिरवा दिवा एकत्र केला की पिवळा होतो असं जाहीर केलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “चिखल होतो.”

तिचं चुकत नव्हतं. रंगपेटीतला लाल आणि हिरवा एकत्र घोटा, चिखलच होतो. चित्रकलेच्या बाईंनी लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग म्हणून पाठ करून घेतलेले असतात आणि पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो हे प्रत्येकानं बोटं बरबटवून सिद्ध केलेलं असतं. पण रंगपेटीचं गणित वजाबाकीचं. प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या पांढऱ्या उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला आपल्याकडे परत पाठवतो. दोन रंग मिसळले की गिळणारी दोन तोंडं होतात, आणखी मिसळत गेलं की परत काहीच येत नाही. दिव्याचं गणित बेरजेचं. दोन दिवे एकाच भिंतीवर टाकले की भिंतीवर उजेड वाढतो, कमी होत नाही. काकांनी कधी लाल आणि हिरवा असे दोन्ही जिलेटीन कागद एकाच बल्बवर गुंडाळले असते तर जवळजवळ अंधार झाला असता. भाच्यानं तेच दोन रंग दोन दिव्यांतून एकाच भिंतीवर पाडले आणि भिंत पिवळी झाली. लिंबासारखी स्वच्छ पिवळी. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंत पिवळीच राहिली.

“यात पिवळा दिवा लपवलाय,” ती म्हणाली.

म्हणून भिंग आलं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण बंद असलेली ही पट्टी भिंगाखाली फार सुंदर दिसते. प्रत्येक दिवा म्हणजे ५ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी पांढरी चौकोनी चकती. दुकानात तिला ५०५० म्हणतात. चकतीत एक गोल खळगा, त्यावर पारदर्शक लेप, आणि लेपाच्या तळाशी तीन कण. प्रत्येकाला केसाहून बारीक तारा जोडलेल्या. एक लाल, एक हिरवा, एक निळा. चौथा कुणी नाही. दर तीन चकत्यांनंतर कात्रीची खूण असते, कारण तीन-तीन चकत्यांचा गट १२ व्होल्टवर चालतो. लाल कणाचं साधारण २ व्होल्टवर भागतं, हिरव्या-निळ्याला तीनाच्या थोडं वर लागतात. सगळ्यांना पुरवठा सारखाच, म्हणून लालच्या वाटेत मोठा रेझिस्टर बसवतात. बऱ्याच पट्ट्यांवर लालच्या रेझिस्टरवर ३३१ आणि इतर दोघांच्या रेझिस्टरवर १५१ असं छापलेलं असतं, म्हणजे ३३० आणि १५० ओहम. कमी खाणाऱ्याच्या दारात जास्त पहारा, हे मला तरी नवीन होतं.

पिवळा कण सापडला नाही. मग पिवळा येतो कुठून?

भाच्यानं सोसायटीचं उदाहरण दिलं, आणि आमच्या घरात सोसायटीचं उदाहरण लगेच कळतं. आपल्या डोळ्याच्या आत रंगाची दखल घेणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक साधारण लाल बाजूच्या उजेडाला दाद देते, एक हिरव्या, एक निळ्या. ही तीन सभासदांची कमिटी. उजेड नेमका कोणता आला हे त्यांतल्या कुणालाच सांगता येत नाही. मी किती जोरात ओरडतोय, एवढंच प्रत्येकाला कळतं. मेंदू हा सेक्रेटरी. तो तिघांचा आरडाओरडा ऐकून इतिवृत्त लिहितो. कॉलेजच्या लॅबमधला सोडियमचा दिवा लावा, त्यातून ५८९ नॅनोमीटरचा अस्सल पिवळा उजेड येतो. लाल आणि हिरवा सभासद दोघंही ओरडतात, निळा झोपलेला. सेक्रेटरी लिहितो, ‘पिवळा’. आता लाल आणि हिरवा असे दोन वेगवेगळे दिवे लावा. तेच दोघं तसेच ओरडतात, निळा तसाच झोपलेला. सेक्रेटरी परत लिहितो, ‘पिवळा’. जागेवर जाऊन पाहणी करण्याची प्रथा कमिटीत नाही.

“म्हणजे मघाशी भिंतीवर पिवळा नव्हताच?” आत्या.

“नव्हता. तुझ्या डोक्यात होता.”

हे वाक्य भाच्यानं आत्याआजीला उद्देशून उच्चारायला नको होतं. त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा चहा मिळाला नाही.

डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असावेत, असं थॉमस यंग यांनी १८०२ मध्येच मांडलं होतं. पुढे १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेल यांनी ते करून दाखवलं. चौकटीच्या रंगीत फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून तीन वेगवेगळे फोटो काढले, त्याच रंगांच्या काचांतून ते पडद्यावर एकावर एक टाकले, आणि पडद्यावर रंगीत फीत उमटली. यातली मौज पुढेच आहे. त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल उजेड जवळजवळ कळतच नसे, म्हणजे खरं तर प्रयोग फसायला हवा होता. शंभर वर्षांनी उलगडा झाला. फितीतलं लाल कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करत होतं, लाल काच ते पुढे सोडत होती आणि फोटोत लालच्या जागी तेच उमटले होते. माणूस बुद्धिमान असला की नशीबही त्याच्या हाताखाली काम करतं.

हा सगळा इतिहास चालू असताना आत्या रिमोटकडे बघत होती. रिमोट चव्वेचाळीस बटणांचा. लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी वर-खाली असे बाण, म्हणजे हवा तो रंग कमी-जास्त करता येतो. साधलेला रंग साठवून ठेवायलाही बटणं आहेत. एकदा हे कळल्यावर तिनं सर्टिफिकिटं बाजूला ठेवली आणि कामाला लागली.

पहिली मागणी आली अबोलीची. लाल आणि हिरवा समसमान घेतले तर पिवळा होतो, हिरवा मागे ओढत नेला तर नारिंगी, आणखी ओढला तर परत लाल. अबोली या वाटेवर कुठेतरी, पण नेमकी वाटेवर नाही, थोडी बाजूला. निळ्याचा अगदी स्पर्श झाला की नारिंगीचा भडकपणा उतरतो आणि फूल दिसायला लागतं. भाचा आकड्यांत बोलत होता, आत्या “हं, अजून एक… मागे, मागे ये” असं बोलत होती. गाडी मागे घेताना गुरखा बोलतो तसं. आणि जमलं. देवघराच्या भिंतीवर अबोली उतरली, तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर इंटरमिजिएटच्या निकालाच्या दिवशीचं काहीतरी असावं.

मग मोरपंखी, मग चिंतामणी, मग लिंबू कलर. आपल्याकडे रंगांची नावं साडीच्या दुकानात तयार होतात आणि ती संख्येनं कुठल्याही कंपनीच्या रिमोटला भारी पडतात. राणी कलर मागितला तेव्हा तर भाचा खूशच झाला. लाल पूर्ण, निळा निम्म्यावर, हिरवा बंद, झाली राणी. मग त्यानं सांगितलं की ही राणी इंद्रधनुष्यात नाही. तानापिहिनिपाजा घोकत पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जा, ती भेटत नाही. लाल एका टोकाला, जांभळा दुसऱ्या टोकाला. लाल आणि निळा हे दोन सभासद ओरडतायत आणि मधला हिरवा गप्प आहे, असं घडवणारा एकच एक शुद्ध उजेड निसर्गात नाही. सेक्रेटरीनं खरं तर हरकत नोंदवायला हवी होती. त्यानं आपल्या अखत्यारीत एक रंग काढला आणि मोकळा झाला. लग्नाच्या बस्त्यातल्या निम्म्या साड्या ज्या रंगाच्या असतात, तो असा बेवारशी निघावा!

आणि मग आत्या म्हणाली, “तपकिरी कर.”

तपकीर गल्लीतून आणलेल्या पट्टीला तपकिरी होता येत नाही, हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत हृद्य भाग. तपकिरी उजेड असा नसतोच. तपकिरी म्हणजे अंधूक नारिंगी, तोही आजूबाजूला त्याहून जास्त उजेड असेल तरच. अंधाऱ्या खोलीत नारिंगी दिवा कितीही मंद करा, तो मंद नारिंगीच दिसतो. शेजारी झगझगीत पांढरा लावा, तोच नारिंगी बिचारा तपकिरी पडतो. भाच्यानं तसं करून दाखवलं, पण आत्यानं हे तडजोडीचं तपकिरी मान्य केलं नाही. “शेजारी गोरी बसल्याशिवाय जो सावळा दिसत नाही तो कसला रंग,” असं म्हणून तिनं विषय मिटवला. काळ्या रंगाचं बटण कुठलं, या प्रश्नावर भाच्यानं पॉवरकडे बोट दाखवलं.

हे सगळं निळ्याच्या जिवावर चाललंय हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ चा, अमेरिकेतल्या निक होलोन्याक यांचा. हिरवाही मागोमाग आला. त्यामुळे आपल्या लहानपणी रेडिओवरचा, टेपरेकॉर्डरवरचा टिकलीएवढा दिवा लाल नाहीतर हिरवा असे. निळ्यानं मात्र जगाला तीसेक वर्षं झुलवलं. चांगला प्रखर निळा यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यांतले नाकामुरा जपानमधल्या निचिया कंपनीत नोकरीला होते. या शोधाबद्दल कंपनीनं त्यांना २० हजार येन बक्षीस दिलं होतं. पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये ८४ कोटी येनवर तडजोड झाली. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर कपाळाला हात लावणाऱ्या प्रत्येक मराठी नोकरदारानं ही गोष्ट लॅमिनेट करून टेबलावर ठेवावी. पांढरा एलईडी बल्बही या निळ्याचीच करामत. आत कण निळा, वर पिवळसर उजेड देणारा लेप, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं.

आता पट्टीतला पांढरा. लाल, हिरवा आणि निळा तिन्ही पूर्ण सोडले की पांढरा व्हायला हवा आणि होतोही, पण तो दवाखान्यातला पांढरा. किंचित निळसर, माणसाला आजारी ठरवणारा. शिवाय त्यात तीनच रंगांची गर्दी असते, मधल्या छटांची जागा बरीचशी रिकामी. सूर्यप्रकाशात सगळ्या छटा सलग भरलेल्या असतात, म्हणून वस्तू तिथे नीट दिसते आणि इथे जरा परकी वाटते. साडी दुकानातल्या उजेडात पसंत करायची नाही, दारात नेऊन बघायची, हे आपल्या बायकांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दोन कापडं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात, हे पुस्तकवाल्यांनी मोजून सिद्ध केलं. आत्यानं ते मॅचिंग ब्लाउजपीसवर सिद्ध केलेलं आहे.

त्यामुळे मूर्ती आल्यावर खरी पंचाईत झाली. पेणच्या कारागिरानं मन लावून रंगवलेली मूर्ती, कांती गुलाबीसर, पीतांबर पिवळा, कपाळावर लाल गंध. मंत्रिमहोदयांनी कौतुकानं हिरवा सोडला. लाल गंध तत्काळ काळं पडलं, कारण लाल रंगाला परत पाठवायला लाल उजेडच मिळेना. कांतीकडे पाहून बाप्पांना घाटात गाडी लागली असावी असं वाटलं. निळा सोडला तर पीतांबर मळकट. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीनं हे सर्व शांतपणे सहन केलं. आत्यानं केलं नाही. “देवावर साधा पिवळट उजेड, बाकी तुझे प्रयोग मागच्या भिंतीवर,” असा वटहुकूम निघाला. भाच्याला परत तपकीर गल्लीत जाऊन वॉर्म व्हाइटचा तुकडा आणावा लागला. मखर यंदा पुठ्ठ्याचं होतं. थर्मोकोल महाराष्ट्रात २०१८ पासून बंद झालंय आणि पुठ्ठ्याच्या मागून सोडलेला उजेड त्याहून मऊ पडतो, हे निदान मला तरी मान्य आहे. पट्टीचे ठिपके-ठिपके दिसू नयेत म्हणून पुढे बटरपेपर लावला. तिन्ही रंग त्यात एकमेकांत नीट मिसळतात. बटरपेपर नसेल तर त्याच पट्टीत लाल, हिरवे, निळे कण वेगवेगळे खुपतात आणि अबोलीचं भांडण होतं.

मुलांना यातलं काहीच नको होतं. त्यांनी पट्टीचे तीन तुकडे मागितले, एक लाल, एक हिरवा, एक निळा, आणि ते टेबलावर हातभर अंतरानं मांडले. समोरच्या भिंतीवर पांढरट उजेड. मग एकानं मध्ये हात धरला. सावली काळी पडायला हवी होती. पडल्या तीन सावल्या, आणि तिन्ही रंगीत. लाल दिवा हातानं अडवला तिथे हिरवा-निळा पोचला, म्हणून आकाशी. हिरवा अडला तिथे राणी. निळा अडला तिथे पिवळी. दोन सावल्या जिथे एकमेकींवर चढल्या तिथे एकच दिवा पोचत होता, म्हणून तिथे शुद्ध लाल, हिरवा नाहीतर निळा. काळी फक्त मधोमध, तिन्ही सावल्या एकत्र येतील तेवढीच. आत्यानं दोन्ही हात जुळवून मोर केला. भिंतीवर तीन मोर नाचले, तीन रंगांचे, एकमेकांच्या पिसाऱ्यात घुसणारे. पट्टी आणल्यापासून आमच्या घरात झालेला हा सर्वांत चांगला उपयोग, आणि रिमोटवर त्यासाठी एकही बटण नाही.

रिमोटवर बटणं आहेत ती फ्लॅश, जंप आणि फेडची. हल्लीचे कंट्रोलर लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या करतात. दिवा खरं तर मंद होतच नाही. सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो आणि बंद राहण्याचा वेळ वाढला की आपल्याला तो मंद वाटतो. म्हणूनच फॅमिली ग्रुपवर टाकायला काढलेल्या फोटोत आडवे पट्टे येतात आणि “कॅमेरा बिघडला का रे?” असे सात मेसेज येतात. तर २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. एवढी दौलत हाताशी असताना समोरच्या बिल्डिंगीतले लोक काय करतात? फ्लॅश लावून झोपी जातात. मग ते सगळे रंग रात्रभर पाळीपाळीनं आमच्या बेडरूमच्या छतावर येऊन जातात. कुठलाही रंग आवडेपर्यंत थांबत नाही. मला विचाराल तर रंग मिसळायला काही अक्कल लागत नाही, थांबायला लागते, आणि ती पाच मीटरच्या रोलबरोबर देत नाहीत.

आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरची अबोली हलली नाही. भाच्यानं एकदा गुपचूप फेड लावून पाहिला. आत्यानं अबोली परत लावली, मग रिमोटच्या मागचं झाकण सरकवून आतला नाण्याएवढा सेल काढला आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवला. कंट्रोलरला हुकूम देणारं कुणी उरलं नाही.

संध्याकाळच्या आरतीला शेजारच्या काकू आल्या. प्रसाद हातात घेतल्यावरही त्यांची नजर मखराच्या मागे.

“आत्याबाई, हा रंग कुठला हो? मी सगळीकडे बघितला. आमच्या रिमोटवर नाहीये.”

“घरी केलाय,” आत्या म्हणाली.

“काय काय घातलं?”

“लाल भरपूर. हिरवा बेतानं, निम्म्याच्या आतच ठेवायचा. निळा नखभर.” मग आवाज खाली आणून, भाच्याकडे न बघता, “आणि झाला की घरातल्या पोरांपासून लांब ठेवायचा.”